कुणाचं काय अडलंय?

आईचं बीपी वेड्यासारखं वागत होतं. निदान कॅलेंडरवर तरी. तारखेच्या चौकटीत, दुधाचे खाडे आणि सिलिंडर लावल्याची नोंद यांच्या मधे, ती रोज सकाळी पेन्सिलीनं वरचा आकडा लिहिते. त्या आठवड्यात सोमवारी १७६ होतं, मंगळवारी १०४, बुधवारी १७२, गुरुवारी १०२ आणि शुक्रवारी परत १७८. मी पुण्यात, ती साताऱ्यात. फोनवर मी तिची उलटतपासणी घ्यायचो. पट्टा सैल बांधतेस का? मोजताना बोलतेस का? चहाच्या आधी मोजतेस की नंतर? रात्री लोणचं खाल्लं होतंस का? ती सगळ्याची उत्तरं शांतपणे द्यायची आणि शेवटी म्हणायची, "अरे, मला काही होत नाहीये. जे काय व्हायचं ते तुलाच होतंय." कराडला इलेक्ट्रिकल करून मी तीस वर्षं मोजमापाच्या यंत्रांच्या धंद्यात काढली आहेत. तरी यंत्रच चुकत असेल ही शंका मला सगळ्यात शेवटी आली. चूक बघणाऱ्याची असते, मीटरची नसते, हे गिऱ्हाइकांना सांगून सांगून माझंच मत झालं होतं.

शनिवारी साताऱ्याला गेलो आणि म्हटलं, माझ्यासमोर मोज. तिनं पट्टा अगदी व्यवस्थित बांधला, हात टेबलावर ठेवला, बटण दाबलं. पंप घरघरला, थांबला, हवा सुटली. आकडा आला. तिनं डोळे बारीक करून बघितलं आणि परत बटण दाबलं. "अगं, परत का?" "तुटकं आलं." "तुटकं म्हणजे?" "म्हणजे नीट उमटत नाही कधी कधी. मग परत लावते. नीट आला की लिहिते." मी मशीन हातात घेतलं, बंद केलं, पुन्हा चालू केलं. चालू होताना अशी यंत्रं एक क्षणभर सगळेच्या सगळे आकडे पेटवून दाखवतात, आठ-आठ-आठ, सगळ्या पट्ट्या शाबूत आहेत की नाही ते बघायला. आईच्या मशीनवर आठ-शून्य-आठ आलं.

मधल्या आठाची मधली आडवी पट्टी मेली होती.

इंग्रजी आकडे ज्या सात पट्ट्यांतून तयार होतात, त्यातली ही एक गेली की फक्त शून्य, एक आणि सात हे तीनच आकडे धडधाकट राहतात. बाकीचे तुटके दिसतात. आणि आठ तुटका दिसत नाही, तो शून्य होतो. म्हणजे आईचं बीपी १८४ आलं की दिसायचं १०४. १७६ आलं तर खरंच १७६. आणि १६० किंवा १५० च्या घरात आलं, त्यातल्या त्यात बरं, की मधला आकडा तुटका यायचा, ती पुन्हा मोजायची, आणि पुन्हा पुन्हा पट्टा आवळून आवळून शेवटी एक 'नीट' आकडा मिळवायची. त्या कॅलेंडरवर खरे वाईट आकडे होते आणि खोटे चांगले होते. खरे बरे आकडे तेवढे ती टाकून देत होती. मी दोनदा डॉक्टरांना फोन करून विचारणार होतो, १०२ येतंय हो, गोळी अर्धी करू का? केला नाही, एवढंच.

मशीन उघडलं. अशा डिस्प्लेला खाली सर्किटच्या पाटीशी जोडणारी एक रबरी पट्टी असते, काळ्या-पांढऱ्या बारीक थरांची, तिला सगळे झेब्राच म्हणतात. मशीन हातातून पडलं की ती सरकते. खोडरबर घेऊन पाटीवरचे सोनेरी पॉइंट घासायचे, झेब्रा स्पिरिटनं पुसायचा, पुन्हा बसवायचा, दहातले आठ डिस्प्ले जिवंत होतात. पण अशा डिस्प्लेत एकेका तारेवर तीन-चार पट्ट्या टांगलेल्या असतात. तार निखळली तर तीन-चार पट्ट्या एकदम जातात. इथे एकच गेली होती. म्हणजे काचेच्या आतला, डोळ्यांना न दिसणारा इंडियम टिन ऑक्साइडचा, वीज नेणारा रस्ताच कुठेतरी चिरला होता. त्याला इलाज नाही. मी काच खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ तिरकी करून बघत बसलो. आई म्हणाली, "काय दिसतंय एवढं?" काहीच दिसत नव्हतं.

त्या रात्री झोप आली नाही आणि मला जॉर्ज हाइलमायर आठवला. खरं तर आठवायला तो माझा कोणी नाही. फिलाडेल्फियात १९३६ साली जन्मलेला एक अमेरिकन इलेक्ट्रिकल इंजिनिअर. पण माझ्या पोटापाण्याच्या धंद्याची सुरुवात त्याच्या टेबलावर झाली, आणि माझं एक स्वप्न त्याच्याच एका प्रश्नानं मोडलं, त्यामुळे नातं म्हटलं तर आहे.

१९६४ साली तो अठ्ठावीस वर्षांचा होता. प्रिन्स्टनची डॉक्टरेट हातात, त्याच गावात आरसीए कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी. तिथे त्याच्या हाती द्रव स्फटिक लागले. हा पदार्थ नवा नव्हता. १८८८ साली फ्रीडरिश राइनिट्झर नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातल्या कोलेस्टेरॉलपासून केलेलं एक संयुग तापवत होता, आणि ते दोनदा वितळलं. १४५.५ अंशांना वितळून गढूळ झालं, १७८.५ अंशांना तो गढूळपणा अचानक जाऊन नितळ झालं. धड स्फटिक नाही, धड पाणी नाही. पुढे पाऊणशे वर्षं त्याचा कुणाला फारसा उपयोग सुचला नाही. आरसीएमधल्याच रिचर्ड विल्यम्सनं त्याला विजेचा झटका दिला की त्यात पट्टे उमटतात हे बघितलं होतं. हाइलमायरनं त्यात रंग मिसळून बघितले, वीज देऊन रंग बदलवला, मग रंग सोडून दिला आणि नुसता द्रव घेतला. दोन काचांच्या मधे केसापेक्षा पातळ थर. वीज नसताना नितळ, वीज दिली की पांढराफटक.

हे कसं दिसत असेल याची कल्पना करायला आपल्याला अमेरिकेला जायला नको. बादलीत फिनेलचं बूच ओततो तेव्हा पाण्यात जो पांढरा ढग उठतो ना, तसं. फरक इतकाच की इथे बटण बंद केलं की ढग विरून पाणी परत नितळ. आत काय होतं, तर विजेमुळे द्रवातले आयन, म्हणजे वीजभार असलेले कण, इकडून तिकडे धावतात, त्या धक्काबुक्कीत शिस्तीत उभे असलेले लांबट रेणू विस्कटतात, आणि विस्कटलेल्या रांगांवरून उजेड सगळीकडे उधळतो. गणेशोत्सवात रांगेतून एक माणूस उलटा पळाला की रांगेचं जे होतं ते. सुरुवातीला हे सगळं तापवलेल्या द्रवातच व्हायचं. खोलीतल्या तपमानाला चालणारं मिश्रण त्याच्या रसायनशास्त्रज्ञ सहकाऱ्यांनी, गोल्डमाखर आणि कॅस्टेलानो यांनी, जमवलं. मे १९६८ मध्ये आरसीएनं न्यूयॉर्कला पत्रकार बोलावले आणि काटे नसलेलं, दिवे नसलेलं, नुसत्या काचेवर आकडे उमटणारं घड्याळ दाखवलं. आता टीव्ही भिंतीवर चित्रासारखा टांगता येईल, असंही तेव्हाच बोललं गेलं.

मला पहिली एलसीडी, म्हणजे द्रव स्फटिकांची काच, भेटली ती मामानं कुवेतहून आणलेल्या घड्याळात. चौथीत होतो. काळा प्लॅस्टिकचा पट्टा, एक बटण दाबलं की कोपऱ्यात किडकिडीत पिवळा दिवा. वर 'वॉटर रेझिस्ट' लिहिलेलं. त्याची परीक्षा घ्यायची म्हणून मी ते तांब्यात बुडवलं, मग सुकवायला मागच्या पडवीच्या पत्र्यावर ठेवलं आणि गोट्या खेळायला गेलो. एप्रिल महिना. तासाभरानं बघतो तर घड्याळाचं तोंड काळं ठिक्कर. आकडे नाहीत, काही नाही, डांबर ओतल्यासारखा काळा चौकोन. मी रडलो नाही, कारण रडलो असतो तर कळलं असतं. घड्याळ उशीखाली लपवलं आणि सगळी संध्याकाळ पोटात गोळा घेऊन हिंडलो. रात्री जेवणानंतर धीर करून उशी उचलली. ९:१४. जणू काही झालंच नव्हतं. राइनिट्झरचं गाजर मला कळायला पुढे दहा वर्षं गेली. पत्र्यावर तो द्रव आपला स्फटिकपणा विसरून साधं पाणी झाला होता, आणि निवल्यावर त्याला पुन्हा सगळं आठवलं. इंजिनिअर व्हायचं असं काही मी त्या रात्री ठरवलं नाही. वाचलो, एवढंच वाटलं.

तर, आरसीएनं पुढे काय केलं? फारसं काहीच नाही. तिचा धंदा चित्रनळीच्या टीव्हीचा, म्हणजे जाडजूड काचेच्या भोपळ्यांचा. भिंतीवर टांगायचा टीव्ही म्हणजे आपल्याच दुकानासमोर दुसरं दुकान. आणि नजिकच्या काळात जे होण्यासारखं होतं, घड्याळं आणि गणकयंत्रं, ते या मोठ्या कंपनीला चिल्लर वाटलं. ती चिल्लर जपानच्या शार्पनं वेचली. १९७३ साली त्यांनी काढलेल्या ईएल-८०५ या खिशात मावणाऱ्या गणकयंत्राचा डिस्प्ले हाइलमायरच्याच पद्धतीचा होता. तोवर हाइलमायर आरसीएत नव्हताच. १९७० मध्ये तो व्हाइट हाउसची फेलोशिप घेऊन वॉशिंग्टनला गेला, संरक्षणमंत्री मेल्विन लेअर्ड यांच्या हाताखाली. एका वर्षासाठी म्हणून गेलेला माणूस तिथेच राहिला. संरक्षण संशोधनात सहायक संचालक झाला आणि जानेवारी १९७५ मध्ये, अडतीसाव्या वर्षी, डार्पाचा संचालक. डार्पा म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याची ती संस्था, जी स्वतः फारसं काही बनवत नाही, अचाट कल्पनांवर पैसे लावते. इंटरनेटचं बी जिथे रुजलं ती.

पुण्यात राहणाऱ्यांना असे लोक नवे नाहीत, इथे पाषाणला आणि दिघीला संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळा आहेत. आमच्या सोसायटीत एक काका आहेत. कुठे असता विचारलं की "पाषाणला" म्हणायचे. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी पाषाणला काय करत होता याचं उत्तर "सरकारी काम" यापलीकडे जात नाही. दिघीला असणारे दिघी म्हणतात. हुद्दा वाढत जातो तसा गावाच्या नावामागचा पूर्णविराम मोठा होत जातो. हाइलमायरचंही डार्पातलं पुष्कळ काम वर्षानुवर्षं गुपित राहिलं. उघड झालं आणि जगभर पसरलं ते वेगळंच. प्रश्न.

कोणी शास्त्रज्ञ पैसे मागायला आला की तो ठरावीक प्रश्न विचारायचा. तू काय करू बघतोयस? एकही जड शब्द न वापरता सांग. हे आज कसं करतात आणि ते कुठे अडतं? तुझ्यात नवीन काय आहे आणि ते जमेल असं तुला का वाटतं? धोका काय? पैसे किती, वेळ किती? आणि मधेच कधी परीक्षा घेऊन मला कळेल की तू पास होतोयस की नापास? या सगळ्यांच्या मधे एक दोन शब्दांचा प्रश्न आहे, इंग्रजीत जरा उर्मटच वाटेल असा, 'हू केअर्स?' त्याचं मराठी भाषांतर मला आमच्या साहेबांनी १९९८ साली ऐकवलं.

"कुणाचं काय अडलंय?"

भोसरीतल्या आमच्या कंपनीत तेव्हा मी नवा होतो आणि मला बोलणारा मीटर बनवायचा होता. कल्पना डोक्यात कशी आली तेही सांगतो. सबस्टेशनात रात्री टॉर्च तोंडात धरून, एका हातात वही आणि एका हातात पेन घेऊन, मान वाकडी करून आकडे वाचणारे ऑपरेटर मी बघितले होते. आणि आकडे इंग्रजी. मराठी आकडे सात पट्ट्यांत बसत नाहीत, ५ आणि ९ तर बसायचं नावच घेत नाहीत, त्यामुळे काच मराठी होणं शक्य नव्हतं. मग आवाज तरी मराठी करू. तेव्हा वीस सेकंदांचा आवाज साठवणारी एक चिप मिळायची. मी घरी, पंखा बंद करून, खिडक्या लावून, बायकोकडून शून्य ते नऊ बोलून घेतलं. नवीन लग्न होतं, ती सारखी हसायची. "आठ" म्हणताना तर प्रत्येक वेळी. शेवटी हसू दाबलेला आठ तसाच ठेवला. लॅबमधल्या टेबलावर तो मीटर "दोन, तीन, आठ" म्हणायचा तेव्हा आठाला किंचित हुंदका यायचा आणि शेजारच्या टेबलावरची पोरं माझ्याकडे बघून खाकरायची.

साहेबांनी माझा अकरा पानी प्रस्ताव वाचलाच नाही. कुठूनशी आणलेली हाइलमायरच्या प्रश्नांची झेरॉक्स त्यांच्या टेबलाच्या काचेखाली होती, कामगारांच्या सुट्ट्यांची यादी आणि गजानन महाराजांचा फोटो यांच्या मधे. त्यांनी नुसतं तिच्यावर बोट ठेवलं. पहिला प्रश्न मी निभावला. किती पैसे, तेही सांगितलं. मीटर बाराशेचा आणि त्यातली बोलणारी चिप व स्पीकर मिळून चारशेचा. मग बोट त्या दोन शब्दांवर आलं. कुणाचं काय अडलंय? मी ऑपरेटरची मान, टॉर्च, सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, "मीटर ऑपरेटर विकत घेतो का? जो घेतो त्याचं अडलंय का?" नव्हतं अडलं. त्यांच्यावर रागावता येत नव्हतं कारण त्यांचं बरोबर होतं. तो प्रोटोटाइप दोन वर्षं माझ्या खणात होता, मग चिप दुसऱ्या कशाला तरी काढून घेतली.

हाइलमायरनंही आवाजाचं एक काम पुढे चालवलं नाही. यंत्रानं माणसाचं बोलणं समजून घ्यावं म्हणून डार्पानं पाच वर्षांचा एक कार्यक्रम चालवला होता. १९७६ साली तो संपला. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या हार्पी या प्रणालीला हजारेक शब्द कळत होते. पण पुढचे पैसे आले नाहीत. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लोकांशी त्याचं तसंही जमलं नाही. वर्षानुवर्षं त्यांना फारसं काही न विचारता पैसे मिळत आले होते. हुशार माणसं गोळा करा, पैसे द्या, चांगलंच काहीतरी निघेल, ही तिथली रीत. संगणकशास्त्रातला लिकलायडरसारखा मोठा माणूस त्या विभागाचा प्रमुख होता आणि त्याचेही प्रस्ताव परत यायचे. काय करू बघताय? परीक्षा कधी? या लोकांच्या आठवणी वाचताना मला एकाच वेळी दोन्ही बाजूंचं पटतं, म्हणजे चिप खणात ठेवलेल्या माणसाचंही आणि आज स्वतः दुसऱ्यांच्या प्रस्तावांवर बोट ठेवत बसणाऱ्या माणसाचंही. आई हल्ली फोनला तोंडाजवळ धरून, दुसऱ्या गल्लीतल्या माणसाशी बोलावं तशा आवाजात विचारते, "उद्या साताऱ्यात पाऊस आहे का?" फोनला कळतं. अक्षर बारीक दिसतं म्हणून ती बोलते. तिचं अडलं होतं. फक्त १९७६ मध्ये नव्हतं.

त्याच काळात हाइलमायरनं जे उचलून धरलं ते म्हणजे रडारला न दिसणारं विमान. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धात इस्रायलची विमानं रशियन क्षेपणास्त्रांनी धडाधड पडली आणि अमेरिकनांचे डोळे उघडले. १९७६ मध्ये लॉकहीडला दोन प्रायोगिक विमानांचं काम मिळालं, नाव हॅव ब्लू. रडारच्या लाटा आकारावरून कशा परततात याचं गणित प्योत्र उफिम्त्सेव या रशियन शास्त्रज्ञानं १९६२ मध्येच छापलं होतं. गंमत बघा. पण तेव्हाच्या संगणकांना ते फक्त सपाट पृष्ठांसाठी झेपायचं, म्हणून विमानच सपाट तुकड्यांचं केलं. मुलानं पुठ्ठे चिकटवून केल्यासारखं. हाइलमायरचा एक हट्ट होता, वायुदलानं यात स्वतःचे पैसे घातले पाहिजेत. नुसतं "छान आहे, करा" चालणार नाही. ज्याचं अडलंय त्यानं खिशात हात घालावा. आमच्या साहेबांचंच म्हणणं, फक्त जास्त शून्यं लावून. वायुदलप्रमुख जनरल डेव्हिड जोन्स तयार झाले. १ डिसेंबर १९७७ ला पहिलं विमान उडालं. दोन्ही पुढे चाचण्यांत कोसळली, वैमानिक वाचले, तोवर जे सिद्ध व्हायचं ते झालं होतं. १९७७ च्याच डिसेंबरात हाइलमायर डार्पा सोडून टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या चिप बनवणाऱ्या कंपनीत गेला.

मला राहून राहून वाटतं की या माणसाचा सगळा जन्म दिसण्या-न दिसण्यातच गेला. नितळ द्रव पांढरा केला. विमान नाहीसं करायला निघाला. पाणबुड्या शोधण्यासाठी समुद्र पारदर्शक करता येईल का, हेही त्याच्या यादीत होतं.

त्या विमानाची पुढची पिढी मी बघितली ती जानेवारी १९९१ मध्ये, दूरदर्शनवरच्या आखाती युद्धाच्या बातम्यांत. म्हणजे ते दिसलं नाहीच. दिसलं ते बगदादचं आभाळ, त्यात वेड्यासारख्या उडणाऱ्या ठिणग्या, खालून कुणीतरी न दिसणाऱ्यावर गोळ्या झाडतंय. मामा आमच्याकडेच होता. इराकनं कुवेत घेतल्यावर, सप्टेंबरात, तो कुवेतहून एका बॅगेनिशी परत आला होता. बसनं बगदाद, तिथून अम्मान, तिथून एअर इंडियाचं विमान. बाबा सोफ्यावर पुढे सरकून बसले होते, "काय नेम आहे बघा," म्हणत. मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. मलाही तेच वाटत होतं, अंगावर काटा आला होता, तो आनंदाचाच होता हे आता कबूल करतो. मामा म्हणाला, "बस एक रात्र तिथे थांबली होती. एका म्हाताऱ्यानं आम्हाला खुबूस रोटी आणून दिली. पैसे घेतले नाहीत." मग उठून आत गेला. बाबांनी आवाज कमी केला. टीव्ही बंद नाही केला.

हाइलमायर पुढे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये चढत गेला, मग बेलकोर या टेलिफोन संशोधन कंपनीचा प्रमुख झाला, २००५ मध्ये त्याला क्योटो पारितोषिक मिळालं. ते मात्र द्रव स्फटिकांसाठी. एप्रिल २०१४ मध्ये टेक्सासमध्ये गेला. एवढं मोठं प्रशासकीय आयुष्य आणि शेवटी बक्षीस त्या चार-पाच वर्षांचं, ज्यात प्रश्न विचारायला तो नव्हता, उत्तरं द्यायला होता. त्याच्या प्रश्नांची यादी घेऊन १९६४ सालचा हाइलमायर १९७५ सालच्या हाइलमायरसमोर बसला असता तर? काय करू बघतोस, तर तापवलेल्या द्रवाला वीज देऊन बघतोय. कुणाचं अडलंय, तर कुणाचंच नाही. चित्रनळ्या मस्त चालल्यात. खिसे न उलगडता दारातूनच परत गेला असता, असं मला वाटायचं. पण हे फार सोपं झालं. कारण प्रयोगशाळेतही तो काही निव्वळ उत्तरं देणारा नव्हता. १९६९ च्या सुमाराला व्होल्फगांग हेल्फ्रिश नावाच्या जर्मन सहकाऱ्यानं त्याला वेगळी कल्पना सांगितली. द्रव विस्कटायचा कशाला, रेणूंना जिन्यासारखा पीळ द्यावा आणि विजेनं तो सोडवावा, ध्रुवीकरणाच्या, म्हणजे एकाच दिशेनं कंप पावणारा उजेड सोडणाऱ्या, दोन काचा लावल्या की झालं. हाइलमायरनं मनावर घेतलं नाही. दोन जादा काचा म्हणजे उजेड खाणार आणि खर्च वाढणार. चोख आक्षेप. हेल्फ्रिश बाझलला गेला, तिथे मार्टिन शाड्टबरोबर १९७० मध्ये त्यानं पीळवाला डिस्प्ले केला. वीज नगण्य खातो, वर्षानुवर्षं टिकतो. त्याला साजेसं टिकाऊ रसायन इंग्लंडात हल विद्यापीठातल्या जॉर्ज ग्रेनं दिलं. फिनेलचा ढग काही वर्षांत बाजारातून गेला. मामाच्या घड्याळात होता तो पीळ. आमच्या मीटरांत पीळ. आईच्या बीपी मशीनमध्येही पीळच, हाइलमायरचा त्यात एक रेणू नाही. त्यानं दार उघडलं आणि आत येणाऱ्याला ओळखलं नाही.

रविवारी सकाळी मेडिकलवाल्याकडून नवीन मशीन आणलं. बोलणारं. पोवई नाक्यावरच्या त्या दुकानात पोरानं खोका फोडून दाखवला, बटण दाबलं, आतून एक बाई हिंदीत रक्तचाप वगैरे म्हणाली. आईनं मान हलवून ऐकून घेतलं. घरी येताना म्हणाली, "हिची हिंदी चांगली आहे," आणि मग, "बंद करता येतं ना हिला?" मी रात्रभर काय काय विचार केला होता, बोलणारा मीटर, साहेब, खण, आणि शेवटी सत्तावीस वर्षांनी आपलं म्हणणं खरं झालं वगैरे. आवाज बंद करायचं बटण मागच्या बाजूला होतं. तिनं ते स्वतः शोधलं.

जुन्या मशीनच्या आकड्यांची पानं मी डॉक्टरांना दाखवली, सगळं समजावून सांगितलं, आकृती काढून. ते हसले, मग हसायचे थांबले. गोळी बदलली.

परवा पुन्हा साताऱ्याला गेलो होतो. आई टेबलाशी बसली होती, पट्टा बांधून, पेन्सील कॅलेंडरच्या खिळ्याला दोऱ्यानं लटकवलेली. तिनं मला बघितलं नाही. बटण दाबलं आणि काचेवर नाक टेकेल इतकी वाकली. "आठ," ती म्हणाली, बोट ठेवून. "आठ. आठ." मग खालची ओळ, पुन्हा तीन वेळा. मग सरळ बसली, हात टेबलावर ठेवला आणि मशीनला म्हणाली, "हं. आता चल."